बत्तीची पेटी

आमच्या घरात जवसाच्या तेलाला जेवढी कामं होती तेवढी घरातल्या माणसांनाही नसतील. भाजी त्यातच, लाखोळीच्या डाळीचे वडे त्यातच, देवापुढचा दिवा त्याचा आणि माझ्या केसांनाही तेच. एवढं होऊन उरेल ते माझ्या बापाच्या ताब्यात जायचं. त्याला आम्ही बा म्हणायचो. बा ते तेल लोखंडी कढईत कढवायचा, थंड करून मडक्यात भरायचा आणि चिंधी घेऊन निघायचा. नांगर, बैलगाडीची चाकं, दाराची चौकट, कुऱ्हाडीचा दांडा, खाटेचे पाय, जे लाकूड दिसेल त्याला तेल. लोखंड दिसलं तरी तेल. "पानी काई करत नाई मंग त्याले," एवढंच म्हणायचा आणि पुढच्या वस्तूकडं वळायचा. माय चिडायची, "एक दिवस मलेच लावजा चिंधी मारून." आजही कुठं सुताराचं काम चाललेलं असलं आणि तो जडसर, किंचित कडवट वास आला, की मी पिशवी हातात धरून रस्त्यातच उभी राहते.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., आणि तेही पदार्थविज्ञान घेऊन. लोक म्हणतात, आपल्या तोंडानं सांगू नये. मी सांगते. माझ्या आधी आमच्यात कोणी कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलं नव्हतं. पण नागपूरच्या कॉलेजातल्या कोऱ्या पांढऱ्या कोटात जे शिकले, त्यातला पहिला धडा आमच्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, पोळ्याच्या आदल्या दिवशी होऊन गेलेला होता. तेव्हा त्या धड्याला काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव चामोर्शीकडचं. पुढं धानाच्या बांध्या, मागं जंगल. शाळा चौथीपर्यंत, खोली एक आणि गुरुजी एक. हे गुरुजी चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, सडेफटिंग, शाळेच्याच खोलीत राहायचे. संध्याकाळी त्यांना करमत नसे, म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात एक खेळ बनवला. सागाची एक चपटी पेटी. तिच्या झाकणावर पितळी खिळ्यांच्या दोन उभ्या ओळी. डाव्या ओळीत प्रत्येक खिळ्याशेजारी एका जनावराचं चित्र डकवलेलं: वाघ, अस्वल, सांबर, रानडुक्कर, मोर, ससा. उजव्या ओळीत त्यांच्या पायांचे माग, पण उलटसुलट लावलेले. पेटीतून दोन मोकळ्या तारा बाहेर येत, त्यांच्या टोकाला एकेक खिळा. एक टोक वाघाच्या खिळ्याला लावायचं आणि दुसरं वाघाच्या मागाच्या खिळ्याला. जोडी बरोबर जमली की पेटीच्या डोक्यावरचा टॉर्चचा बल्ब पेटायचा. चुकली तर अंधार. आत टॉर्चचे सेल होते, आणि झाकणाच्या उलट्या बाजूनं प्रत्येक खिळ्यापासून त्याच्या जोडीदारापर्यंत तार गुंडाळलेली होती. सारं गाव तिला बत्तीची पेटी म्हणायचं.

गुरुजींनी ती शाळेतल्या मुलांसाठी केली होती, पण मुलांच्या वाट्याला ती कमीच आली. कारण अक्षर नव्हतं, सारी चित्रं होती, आणि जनावरांचे माग ओळखण्यात आमची म्हातारी माणसं आम्हाला उभं राहू देत नव्हती. शेजारची गिरजाबाई त्यात सगळ्यांची पाटलीण. मोहफुलं वेचायला जन्मभर पहाटे जंगलात गेलेली बाई ती. पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून तिनं गुरुजींनाच धरलं.

"हे अस्वलाचा पाय कोन काढलं? गुरुजी, तुम्ही अस्वल पायलं का कदी?"

"नाही बाई," गुरुजी म्हणाले.

"ते दिसूनच राह्यलं. मागचा पाय मानसावानी लांब उमटते त्याचा. तुम्ही तं कुत्रा काढून ठेवला."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी अस्वलाचा पाय नवा काढून डकवला. गिरजाबाईनं तो तपासला, तारा लावल्या, बत्ती पेटवली आणि म्हणाली, "आता जमलं. शिकून राह्यले गुरुजी हळूहळू."

पावसाच्या तोंडावर गुरुजींना ट्रेनिंगला बोलावणं आलं. शाळेचं छप्पर गळकं, म्हणून ते पेटी घेऊन आमच्या घरी आले. आमच्या घरावर नवे कवेलू, म्हणजे कौलं, होती. त्यांनी पेटी बाच्या हातात दिली. "मुलांना खेळू द्या, पण पाण्या-पावसात खिळे खराब होऊ देऊ नका," म्हणाले. बानं पेटी दोन्ही हातांनी घेतली, लेकरू घ्यावं तशी. "जिवापाड ठेवतो," तो म्हणाला. शिकलेल्या माणसानं आपल्या हातची वस्तू आपल्याकडं ठेवायला दिली, हा त्याला मोठा मान वाटला होता. थोडे दिवस आम्ही खेळलो. मग धानाचा रोवणा लागला, सारं गाव गुडघाभर चिखलात उतरलं, आणि बानं दोन्ही तारा आत खोचून पेटी माळ्यावर ठेवली.

मी तेव्हा चौथी पास होऊन घरी बसले होते. गुरं राखायची, शेण भरायचं, धाकट्याला खेळवायचं. गुरुजींची बहीण चांद्याला राहायची, घरात ती आणि तिचे सासरे. मुलींची शाळा तिच्या घरापासून जवळ. "यशोदासारखी मुलगी तिथं राहून शिकली तर ताईलाही सोबत होईल," असं गुरुजी जाता जाता मायजवळ बोलून गेले होते. मायनं ते बाच्या कानावर घातलं. चार-दोन दिवसांनी बा जेवताना म्हणाला, "गुरुजी वापस आले का मीच बोलतो त्यायच्याशी. आपली पोरगी हाय, मांगनं आपन मांगलं पाहिजे." त्या एका वाक्यावर मी सगळा पावसाळा काढला. चिखलात पाय रुतले की म्हणायची, रुतू दे, चांद्याला कुठं चिखल असतो. (असतो. भरपूर असतो. ते नंतर कळलं.)

पोळा दोन दिवसांवर आला असताना आमचे नाकेदार रहीमभाई निरोप घेऊन आले. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा पहारेकरी. चामोर्शीच्या बाजारात त्यांना गुरुजी भेटले होते. गुरुजींची बदली चांद्यालाच झाली होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ते आपलं सामान आणि पेटी न्यायला येणार होते. एकच दिवस थांबणार होते.

बा खूश झाला. गुरुजी नेण्याच्या आधी गावानं एकदा पोटभर खेळून घ्यावं म्हणून त्यानं पेटी माळ्यावरून काढली, अंगणात घोंगडीवर ठेवली. पहिला मान गिरजाबाईचा. तिनं रुबाबात एक तार अस्वलाला लावली, दुसरी त्याच्या पायाला. बत्ती पेटली नाही. तिनं पुन्हा लावली. मग वाघ लावला, ससा लावला. मग आम्ही सगळ्यांनी लावून पाहिलं. काही नाही. पेटी नुसती लाकडाची पेटी होऊन बसली होती.

"कोन पाडलं असन," कोणी म्हणालं.

"दृष्ट लागली असन. सारं गाव तिच्याकडंच पाहून राह्यलं होतं."

"पोट्ट्यायच्या हातात देल्यावर काय होईन?"

बा पुढं झाला. त्यानं पेटी उचलली, आत नेली आणि कोपऱ्यात ठेवून तिच्यावर धोतर झाकलं. त्या सांजेला मायनं तांदळाची भाकर आणि लसणाची जवस-चटणी वाढली, ती त्यानं तशीच सोडली. "आता कोन्या तोंडानं म्हनू त्याले?" तो मायला म्हणाला. "का माही पोरगी घेऊन जा, तिले सांभाळ? त्याची एक लाकडाची पेटी मले बरसातभर सांभाळता आली नाई."

माय म्हणाली, "इचारा तं खरं."

"नाई. दुसऱ्याची वस्तू बिघडवून वरून मांगनं मांगत नाई मी."

बाचा स्वभाव मला माहीत होता. तो मागणार नव्हता. आणि तो मागणार नाही म्हणजे माझी शाळा चौथीलाच संपणार होती. मी भिंतीकडं तोंड करून पडले, पण रडले नाही. पेटी बनत होती तेव्हा मी गुरुजींच्या शेजारी बसून तारा धरल्या होत्या. तिच्या आत काय आहे हे गावात फक्त मला माहीत होतं.

सकाळी बा बैल धुवायला नाल्यावर गेला आणि मी पेटी अंगणात आणली. आधी वाटलं, सेल संपले असतील. म्हणून रहीमभाईंकडं धावत गेले. त्यांच्याकडं लांबलचक टॉर्च होता.

"सेल देता का, भाई? थोड्या वेळासाठी?"

"ले बेटी," त्यांनी टॉर्च उघडून सेल माझ्या ओच्यात टाकले. "पन सांजच्याले वापस आन. वाघ मले बत्तीवरूनच ओळखते, नाई तं नवा मानूस समजून खाऊन टाकन."

त्यांचे सेल घातले तरी अंधारच. मग माझ्या मनात आलं, खिळे सोडून दे, दोन्ही तारांची टोकं एकमेकांनाच लावून पाहू. लावली, आणि बल्ब लख्ख पेटला. मी दचकून तारा सोडल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा पेटला. आमचे जुने सेल घातले, तेव्हाही पेटला, थोडा मंद एवढंच. म्हणजे बल्ब ठीक, सेल ठीक, टोकापर्यंतच्या तारा ठीक. बिघाड पुढं कुठंतरी, झाकणात.

झाकण उलटं केलं. वाटलं होतं, उंदरांनी तारा कुरतडल्या असतील. पण एकेक तार जिथल्या तिथं होती. मी टोकं मागच्या बाजूनं, खिळ्याला तार गुंडाळली होती तिथं लावली. एकीकडं वाघ, दुसरीकडं वाघाचा पाय. बत्ती पेटली! झाकण सुलटं केलं, तेच खिळे पुढून लावले. अंधार. उलटं, उजेड. सुलटं, अंधार. एकच खिळा, मागून जिवंत आणि पुढून मेलेला.

गिरजाबाई कुंपणावरून बघत होती. "पितळ बी मरते का व, येसे?" तिनं विचारलं.

"मले नाई मालूम, बाई," मी म्हणाले, आणि आता मात्र मला रडू यायला लागलं. कॉलेजात पुढं माझ्या वर्गातली मुलं-मुली प्रयोग फसला की पुस्तकाची पानं उलटायची. माझ्याजवळ उलटायला झाकणाशिवाय काही नव्हतं.

माय पलीकडं बसून बैलांच्या गळ्यातल्या घंटा घासत होती. पोळ्याला घंटा चकचकीत लागतात. चिंच लावून, राखेनं, नारळाच्या शेंडीनं ती जोर लावून घासत होती आणि घासता घासता बाचा उद्धार चालला होता. "मागल्या पोळ्याचं तेल फासून ठेवलं हाय यानं. वाळून चामडं झालं त्याचं. घंटीचं पितळ कुठी अन् हात कुठी, मधात हे तेलच बसून हाय. निंघता निंघत नाई."

मी उठून तिच्याजवळ गेले. न घासलेली एक घंटा हातात घेतली. पितळावर पिवळसर, पातळ कातडं चढलं होतं, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं. नखानं खरवडलं, तर खालून झळझळीत पितळ निघालं. नाकाशी नेली. जवस.

मी पेटीकडं धावले. खिळ्यांवर बोट फिरवलं. इतका वेळ मी त्यांना बघत होते, पण हात लावला नव्हता. टोकंच लावत होते. खिळा गुळगुळीत, किंचित चिकट. विळ्याच्या टोकानं वाघाचा खिळा खरवडला, त्याच्या पायाचा खरवडला, आणि तारा लावल्या.

बत्ती पेटली.

मायनं घंटा खाली ठेवली. तिनं पेटीकडं पाहिलं, घंटेकडं पाहिलं, माळ्याजवळ ठेवलेल्या तेलाच्या मडक्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. हसते आहे की घाबरली आहे, कळेना. "बापा!" ती म्हणाली. "यानं पेटीलेबी फासलं वाटते. आता तूच सांग त्याले. मी नाई सांगत."

बा तेवढ्यात बैल घेऊन आलाच. बैल खुंट्याला बांधले, घागर घेतली, आणि पेटी बाहेर पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. सगळ्यांदेखत त्याला काय सांगायचं? ज्या चिंधीनं त्यानं पेटी जपली तिनंच ती बंद पाडली होती. मी घागर त्याच्या हातातून घेतली.

"बा, पेटी बिघडली नाई."

"मंग?"

"तिच्या खिळ्यायवर... तेल वाळलं हाय. वीज त्याच्यातून जात नाई. मायच्या घंटीसारखं झालं."

बानं खिळ्यांवर बोट फिरवलं. मग आपल्या हाताकडं बघितलं. जाड, भेगाळलेला, नखांच्या कडांशी तेलानं पिवळा पडलेला हात. "मीच तं लावलो," तो हळूच म्हणाला. "रोवण्यात रोज सांजच्याले एक हात मारत होतो चिंधीचा. गुरुजीनं म्हटलं होतं, खिळे खराब होऊ देऊ नका."

"झाले कुठी खराब?" मी म्हणाले. "पाह्य ना. एक बी खिळा काळा नाई पडला. खालून सारे नवे हायेत."

मी त्याच्या हातात तारा दिल्या. त्यानं वाघाच्या दोन खिळ्यांना त्या लावल्या. आता ऊन चढलं होतं, बत्तीचा उजेड नीट दिसत नव्हता, म्हणून मी हाताची ओंजळ धरली. ओंजळीत पिवळा ठिपका पेटला. बानं वाकून त्यात पाहिलं. आणि मग तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग माय हसायला लागली, कुंपणापलीकडून गिरजाबाई ओरडली, "काऊन हसून राह्यले व? मले सांगा तं!" आणि तिला सांगितल्यावर ती इतकी हसली की कुंपणाला धरून खाली बसली. कालपासून आमच्या घराच्या छातीवर बसलेला दगड असा, हसता हसता उतरला. "तरी म्हटलं," गिरजाबाई डोळे पुसत म्हणाली, "यानं वाघाले बी तेल लावल्याशिवाय सोडलं नसन."

राहिलेले सगळे खिळे बानं स्वतः घासले. बोटाला ओली चिंधी गुंडाळायची, राखेत बुडवायची, एकेक खिळा घासायचा, चित्राच्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. एवढ्या मोठ्या हातानं एवढं बारीक काम करताना तो जीभ दाताखाली धरत होता. जोडी झाली की मी तारा लावायची आणि ओंजळ धरायची. सांबर. मोर. ससा. अस्वल आल्यावर गिरजाबाईला बोलावलं, मान तिचा होता. रहीमभाईंचे सेल मी उजेड होता तोवरच नेऊन दिले. त्या सांजेला बानं सकाळची आणि आदल्या दिवसाची, दोन्ही भूक एकदम काढली. मायनं लाखोळीचे वडे तळले होते. तो एकेक वडा वर उचलायचा, तेल निथळताना बघायचा आणि पुन्हा हसायचा.

तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडाचे बैल ओढत घरोघरी फिरत होती तेव्हा गुरुजी आले. माय चहा ठेवायला आत वळली. मला वाटलं, पेटी चांगली झालीच आहे, बा आता सरळ मागणं घालेल. पण गुरुजी टेकले नाहीत तोच बा म्हणाला, "गुरुजी, तुमची पेटी माह्या हातानं बंद पडली होती. तेल फासलो मी. पोरीनं शोधून काढलं, तवा सुरू झाली. आधी हे सांगतो, मंग बाकीचं."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "कसं शोधलंस?"

मी सांगितलं. टोकाला टोक, मग मागून, मग पुढून, मग मायची घंटा.  शेवटी त्यांनी अस्वलाच्या खिळ्यांना तारा लावल्या, बत्ती बघितली आणि बाला विचारलं, "आणि बाकीचं काय?"

बानं घसा साफ केला. "एक मांगनं होतं."

"पेटी ठेवून घ्यायची आहे?"

"नाई, नाई. पेटी घेऊन जा," बा म्हणाला, आणि मग एका दमात, "अन् तिच्यासंगं हिलेबी घेऊन जा. चांद्याले. शिकू द्या तिले."

दारात माय कपबशी हातात धरून उभी होती.  गुरुजी हसले. "ताई तर वाटच बघते आहे. पण मला आधी तिथं जरा बस्तान बसवू द्या. दसरा झाला की मुलगी पाठवा. आणि पेटीही तिच्याबरोबरच पाठवा, तोवर तुमच्याकडंच राहू द्या." मग बोट वर करून म्हणाले, "फक्त तेल नको."

पेटी पुन्हा आमच्याकडंच राहिली, हे बा पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत असे. माझ्या पदवीची गोष्ट सांगायच्या आधी तो ही सांगायचा.

दसऱ्यानंतर आम्ही निघालो. बैलगाडीनं वैनगंगेपर्यंत, मग डोंग्यातून पार. डोंगा ऐन धारेत डुलला आणि आत पाणी आलं. बाचं धोतर भिजलं, शिदोरीची भाकर भिजली, माझी पत्र्याची पेटी पाण्यात बसली. बत्तीची पेटी मी डोक्यावर धरली होती म्हणून वाचली. बा मला ताईंच्या घरी सोडून, दारातूनच परत फिरला. बसला असता तर त्याला उठता आलं नसतं, असं मला आता वाटतं.

तो गेल्यावर ताई म्हणाल्या, "कपडे भिजले असतील गं, काढ, वाळत घालू." मी पत्र्याच्या पेटीच्या कुलपाला किल्ली लावली. किल्ली आत जाईना. ताईंनी लावून पाहिली, मग गुरुजींनी. "गंजलं असेल," गुरुजी म्हणाले, "तोडावं लागणार." मी कुलूप हातात घेतलं. त्यावर गुळगुळीत, पिवळसर कातडं होतं. नाकाशी नेलं.

बत्तीच्या पेटीला तेल लावायची मनाई झाल्यावर बाचं महिनाभराचं तेल कुठं गेलं होतं, ते मला कळलं.

"तोडू नका," मी म्हणाले. "थोडं रॉकेल द्या." रॉकेलात भिजवून, हेअरपिननं आतलं कोरून काढून, बऱ्याच वेळानं कुलूप उघडलं. तेव्हा मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि ताईंना वाटलं, मुलीला घरची आठवण येते आहे. ती येतच होती. झाकण उचललं. सांध्यांनाही चिंधी फिरली होती, कडांनाही, तळालाही. आत माझी दोन परकर-पोलकी, मायनं बांधून दिलेली जवसाची चटणी आणि चौथीची पुस्तकं होती. मी पुस्तकांवरून हात फिरवला. नदीचं एवढं पाणी पेटीला लागलं होतं, पण एक पानसुद्धा ओलं नव्हतं.